एका डुलकीचा इतिहास

टेलिव्हिजनचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले आहेत. यंत्र कोणी बनवले, पहिले प्रक्षेपण कुठून झाले, कोणत्या मालिकेने रस्ते ओस पाडले, याची नोंद हवी तेवढी सापडते. टेलिव्हिजनसमोर झोपी गेलेल्या माणसांची नोंद मात्र कुणी ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. वास्तविक घरोघरी रोज रात्री घडणारी ही गोष्ट! पण संच चालू आहे की बंद एवढेच मीटरला कळते. समोरचा माणूस घोरतो आहे, हे त्याला कुठून कळणार?

आमच्या घरात या विषयातले एक अधिकारी पुरुष होऊन गेले. ते म्हणजे माझे वडील, नाना. न्यू जर्सीतल्या आमच्या दिवाणखान्यात त्यांनी जवळजवळ बारा वर्षे, अधूनमधूनच्या मुंबईच्या फेऱ्या वगळता, रोज रात्री टेलिव्हिजनसमोर झोपण्याचा नेम पाळला. त्यांच्यामुळे मला या विषयाचा नाद लागला, आणि वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. सिनेमासमोर निर्धास्त झोपता येणे ही फार अलीकडची सोय आहे. ती मिळण्यासाठी सिनेमा आधी आपल्या मालकीचा व्हावा लागला.

कुणी म्हणेल, आमचे काका तर प्लाझात मॅटिनीला खुशाल झोपत. झोपत असतील, पण शेजारचा कोपराने ढोसत असे आणि काकूंना तिकिटाचे पैसे आठवत. कीर्तनात पेंगणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे जुनी आहे, पण तीही चोरटीच. बुवांची नजर वळली की पेंगणारा सर्वांत मोठ्याने हरिनाम घेणार. तात्पर्य, चारचौघांत झोपणे हा गुन्हा होता.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. दिल्लीत १९५९ पासून प्रक्षेपण होते, पण आम्हा मुंबईकरांच्या लेखी टीव्ही जन्मला तो वरळीच्या मनोऱ्यातूनच. आमच्या गिरगावातल्या चाळीत पहिला संच आला १९७३ मध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका बिऱ्हाडात. मी तेव्हा कॉलेजात होतो. शनिवारी मराठी चित्रपट असायचा, रविवारी हिंदी. चित्रपटाच्या दिवशी त्या दहा बाय बाराच्या खोलीत पंचवीस-तीस माणसे बसत आणि उरलेली गॅलरीत उभी राहून खिडकीच्या गजांतून बघत. दाराबाहेर चपलांचा ढीग! मध्येच बातम्या लागत, तेव्हा बायका पटकन जाऊन कुकर लावून येत. ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी आली तरी कुणी जागचे हलत नसे, कारण हललात की जागा गेली.

नाना तिथे शर्टाची बटणे लावून, पाठ ताठ ठेवून बसत. दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या सतरंजीवर, यजमानांनी पुढे केलेले पाणी पीत पाहायचा तो सिनेमा. तिथे डोळा लागला तर यजमानांचा अपमान व्हायचा. शिवाय आज सुटलेला चित्रपट पुन्हा कधी दिसेल याची शाश्वती नाही. घरी आल्यावर मात्र नाना उशाशी ट्रान्झिस्टर ठेवून विविध भारती लावत आणि दहाव्या मिनिटाला झोपत. रेडिओ आमचा स्वतःचा होता ना!

मी १९७८ साली शिकायला इथे आलो. पहिल्या हिवाळ्यात एका गराज सेलमध्ये दहा डॉलरला काळा-पांढरा टीव्ही मिळाला. खोलीत दुसरा आवाज नसे, म्हणून तो चालू ठेवून झोपायची मला सवय लागली. जॉनी कार्सनचे विनोद निम्मे कळत नसत. माणसे हसताहेत एवढे कळे, आणि तेवढ्यावर झोप येई. (पुढे वाचले की अर्धी अमेरिका १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे त्याच माणसाच्या आवाजावर झोपत होती. तेव्हा मीही नकळत इथल्या चालीरीतींत सामील झालो होतो म्हणायचे.) मध्यरात्र उलटल्यावर केंद्र बंद होताना राष्ट्रगीत वाजायचे, आणि मग पडद्यावर मुंग्या. राष्ट्रगीताला मी दचकून उठायचो आणि थंडगार लिनोलियमवरून चालत जाऊन बटण फिरवायचो.

त्या वेळी मला ठाऊक नव्हते, पण माझी ही पायपीट टाळण्याचे यंत्र निघून वीस वर्षे झाली होती. १९५० साली अमेरिकेतल्या शंभरांपैकी जेमतेम नऊ घरांत टीव्ही होता. १९६० पर्यंत तो नव्वदीच्या घरात पोचला. त्याच दशकात शिकागोच्या झेनिथ कंपनीने दुरून बटण दाबायचे यंत्र आणले. १९५० साली निघालेल्या पहिल्या यंत्राचे नावच ‘लेझी बोन्स’! त्याला वायर होती आणि माणसे तिच्यात पाय अडकून पडत. १९५५ मध्ये यूजीन पॉली या त्यांच्या अभियंत्याने प्रकाशाच्या झोतावर चालणारे यंत्र केले. पण खिडकीतून ऊन आले की टीव्ही आपणहून वाहिन्या बदलू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी त्यावर तोड काढली. त्यांच्या यंत्रात बॅटरीदेखील नव्हती. बटण दाबले की आतली छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि माणसाच्या कानाला न ऐकू येणारा सूर निघायचा. तो टीव्हीला ऐकू जायचा. त्या टकटकीवरून रिमोटला इथे अजूनही काही म्हातारी माणसे ‘क्लिकर’ म्हणतात.

जाहिराती बंद करता याव्यात, हा त्यामागे झेनिथच्या मालकांचा हेतू होता. लोकांनी त्याचा उपयोग न उठण्यासाठी केला. मिशिगनमधल्या मन्रो गावच्या लेझी बॉय कंपनीची मागे कलणारी खुर्ची तर आधीपासून होतीच. खुर्ची कलली, रिमोट हातात आला. राहता राहिला सिनेमा. तो अजून केंद्राच्या वेळापत्रकाने यायचा. झोपलात की गेला.

ती अडचण दूर केली जपान्यांनी. सोनीचे बेटामॅक्स आले १९७५ साली आणि जेव्हीसीचे व्हीएचएस त्याच्या पुढच्या वर्षी. बेटाचे चित्र जास्त चांगले होते, असे जाणकार सांगतात. पण सुरुवातीला बेटाच्या कॅसेटवर एकच तास मावे, व्हीएचएसवर दोन. १९७७ मध्ये आरसीएने व्हीएचएसचे यंत्र अमेरिकेत आणले तेव्हा टेप निम्म्या वेगाने चालवून चार तास मावतील अशी सोय करून घेतली. इथल्या फुटबॉलचा सामना एका कॅसेटमध्ये बसावा, हा त्यामागचा हिशेब. पुढे वेग आणखी कमी करून त्याच कॅसेटवर सहा तास बसवले गेले. आपल्या तीन तासांच्या हिंदी सिनेमांची सोय झाली ती अशी अमेरिकन फुटबॉलच्या पुण्याईने.

हे यंत्र घरी ठेवणे कायदेशीर की बेकायदा, याचाच निकाल लागायचा होता. युनिव्हर्सल आणि डिस्ने या दोन चित्रसंस्थांनी १९७६ मध्ये सोनीवर दावा लावला होता, की घरी बसून कार्यक्रम टेप करणे ही चोरी आहे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला. सवडीने पाहण्यासाठी घरी टेप करणे ही चोरी नव्हे! मुलांच्या कार्यक्रमांतले लाडके फ्रेड रॉजर्स यांनीही या खटल्यात साक्ष दिली होती. आपला कार्यक्रम टेप करून घरातल्यांनी एकत्र बसून पाहिला तर आपल्याला आनंदच आहे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि निकालपत्रात त्याचा उल्लेख आहे. एका न्यायमूर्तीचे मत फिरते, तर नानांच्या झोपेचे काय झाले असते कुणास ठाऊक.

आता हरदासाची कथा मूळपदावर आणतो. नाना आणि आई पहिल्यांदा इथे आले १९८६ च्या उन्हाळ्यात. सरकारी नोकरीतून नाना निवृत्त होऊन दोन वर्षे झाली होती. आम्ही दोघे सकाळी सातला घर सोडायचो ते संध्याकाळी सहाला परतायचो. दिवसभर ती दोघे त्या घरात. शेजाऱ्यांच्या गाडीचा आवाज सोडला तर बाहेर काही ऐकू येत नसे. चाळीत नळाच्या भांडणापासून रात्रीच्या भजनापर्यंत जन्म काढलेला माणूस! पहिल्या आठवड्यातच नाना म्हणाले, “अरे, इथं झोप येत नाही. फार शांत आहे.” मला ते हसण्यावारी न्यावेसे वाटले. पण रात्री दोन वाजता खाली पाणी प्यायला गेलो तर ते अंधारात, कोट घालून, खिडकीशी बसलेले दिसले.

तोवर आपल्या वाणसामानाच्या दुकानांत कॅसेटी भाड्याने मिळू लागल्या होत्या. तूरडाळ, पार्ले-जी आणि अमिताभ एकाच फळीवर. कॅसेट कशाची तर कॉपीच्या कॉपीची. चेहरे हिरवट आणि पडद्याच्या तळाशी दुबईच्या कुठल्यातरी दुकानाची सरकती जाहिरात. नानांना हिंदी मारामाऱ्यांचे वावडे होते, आणि मराठी कॅसेट दुकानात शोधून सापडत नसे. शेवटी मी मुंबईला धाकट्या भावाला कळवले. त्याच्याकडे व्हीसीआर आला होता. दूरदर्शनवर लागतील ते मराठी चित्रपट आणि नाटके टेप करून तो इकडे येणाऱ्या माणसाबरोबर पाठवू लागला. इकडे येणाऱ्यांच्या बॅगांत भाजणी, मेतकूट आणि कॅसेट असा तो काळ होता, हे वाचकांपैकी अनेकांना आठवत असेल.

पण तिथली कॅसेट इथे चालेना! भारतात पाल पद्धत, इथे एनटीएससी. तिथे चित्रात ६२५ ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे; इथे ५२५ ओळी आणि ३० चित्रे. दोन्हीकडच्या विजेची वारंवारता वेगळी, तिथे पन्नास, इथे साठ, त्यातून ही फाटाफूट मुळात झाली. कॅसेटचा डबा हुबेहूब तोच, यंत्रात नीट जातो, आणि पडद्यावर नुसत्या पळत्या काळ्या रेघा. (आपल्यासारख्यांची गत याहून निराळी नव्हती, पण तो विषय दुसऱ्या लेखाचा.) मग कॅसेट घेऊन दुकानात जायचे, आणि ते पैसे घेऊन इथल्या पद्धतीत उतरवून देत.

भावाने १९८७ मध्ये पाठवलेल्या गठ्ठ्यात ‘श्यामची आई’ होता. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट, वनमाला आई, माधव वझे श्याम आणि वसंत देसाईंचे संगीत. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्याची प्रथा सुरू झाली तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले पदक मिळाले ते यालाच. मी तो दुकानातून उतरवून आणला आणि एका शुक्रवारी रात्री लावून दिला. नाना लेझी बॉयमध्ये मागे रेलून बसले, पायावर शाल. श्याम पोहायला घाबरतो आणि आई त्याला फोकाने मारते, तो प्रसंग होईपर्यंत जागे होते. नंतर पाहतो तो नाना गाढ झोपलेले. इथे आल्यापासून इतकी शांत झोप त्यांना लागलेली मी पाहिली नव्हती.

दुसऱ्या रात्री त्यांनी पुन्हा तीच कॅसेट मागितली. म्हटले, “काल जिथवर पाहिला तिथून लावू?”

“छे, छे. अर्धवट नको. पहिल्यापासून लाव.”

तेव्हापासून जो परिपाठ सुरू झाला तो नाना १९९८ मध्ये जाईपर्यंत. आमच्याकडे पुढे साठ-सत्तर कॅसेटी जमल्या, नाटके आली, भावगीते आली, ‘रामायण’चे गठ्ठेच्या गठ्ठे आले. ‘रामायण’ त्यांनी ताठ बसून पाहिले, चाळीत बसत तसे. तिथे झोपायचे नाही, हे ठरलेले. नवीन चित्रपटही जागेपणी, लक्ष देऊन. झोपायला मात्र ‘श्यामची आई’. मुलगी लहान होती, ती एकदा म्हणाली, “आजोबा, तुम्हाला तर सगळं पाठ आहे, मग कशाला बघता?” नाना म्हणाले, “पाठ आहे म्हणूनच.” पुढे काय होणार याचे कुतूहल असेल तोवर माणूस जागा राहतो. मुलांना रोज तीच गोष्ट लागते, तसलाच हा प्रकार असावा.

मी वरच्या खोलीत झोपायचो. जिन्यातून अस्पष्ट मराठी बोलणे यायचे. खरे सांगायचे तर मलाही त्यावरच झोप लागे, आणि दहा वर्षांत मी तो चित्रपट खाली बसून एकदाही पुरा पाहिला नाही. कचेरी होती, मुलांच्या शाळा होत्या. आई तिथेच सोफ्यावर मेथी निवडत किंवा क्रोशाचे काहीतरी विणत जागी असे. टीव्ही बंद करण्याचे काम तिचे. कुणी मध्येच बंद केला की नाना ताबडतोब डोळे उघडत: “अरे, मी बघतोय!” हे वाक्य आपापल्या घरी ज्यांनी ऐकलेले नाही त्यांनी हात वर करावा.

नाना गेल्यानंतर वर्षभराने, १५ ऑगस्ट १९९९ रोजी, भारतात अल्फा मराठी वाहिनी सुरू झाली आणि पुढे उपग्रहावरून मराठी मालिका इकडेही दिसू लागल्या. डीव्हीडी इथल्या दुकानांत १९९७ पासून होत्याच. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये घरात थेट चित्रपट सोडायला सुरुवात केली. आता एक भाग संपला की दुसरा आपोआप लागतो, आणि बराच वेळ हालचाल झाली नाही की पडदाच विचारतो, अजून पाहताय ना? त्यांचे तेव्हाचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज २०१७ मध्ये म्हणाले होते की आमची स्पर्धा झोपेशी आहे. नानांच्या बाबतीत त्यांचा धंदा बुडाला असता. असो.

१२ जून २००९ रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद झाले. एनटीएससीचा इथला बहुतेक कारभार त्या दिवशी आटोपला. आमच्या मुलाने या निमित्ताने जुना संच काढून टाकायला लावला, आणि व्हीसीआर मोडण्यापूर्वी सगळ्या कॅसेटी संगणकावर उतरवून ठेवू म्हणाला. उतरवायचे म्हणजे कॅसेट जितक्या तासांची तितके तास ती चालू द्यायची. त्या उन्हाळ्यात प्रत्येक शनिवारी आमच्या तळघरात कुठलातरी चित्रपट चालू असे. आई तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. तीही जिना धरून खाली यायची आणि मुलाने आणलेल्या घडीच्या खुर्चीवर बसायची.

‘श्यामची आई’ची पाळी आली तेव्हा मी प्रथमच पूर्ण बसलो. दोन तास चार मिनिटे झाली, आणि प्रसंग चालू असताना, वाक्य अर्धे असताना, चित्र गेले. खट् आवाज झाला आणि यंत्र कॅसेट मागे गुंडाळायला लागले. टेपच्या टोकाला पारदर्शक पट्टी असते. यंत्रातल्या छोट्या दिव्याचा उजेड तिच्यातून आरपार गेला की टेप संपली हे यंत्राला कळते. मुलाला वाटले, टेप तुटली. पण तुटली नव्हती. भावाने तिकडे तीन तासांच्या कॅसेटवर टेप केले होते, मधल्या बातम्यांसकट. इथल्या दुकानदाराने ते दोन तासांच्या कॅसेटवर सरळ उतरवले होते. चित्रपट अडीच तासांचा. शेवट त्या कॅसेटवर कधी नव्हताच. म्हणजे श्यामची आई आमच्या घरी बारा वर्षांत एकदाही वारली नव्हती.

मला आधी हसू आले. म्हटले, “आई, बघितलंस? नाना हजार वेळा बघून बसले आणि त्यांना पत्ताच नाही!”

आई कॅसेटच्या रिकाम्या डब्यावरची भावाच्या हातची चिठ्ठी वाचत होती.

“मला माहीत होतं की,” ती म्हणाली. “पहिल्याच आठवड्यात कळलं. चित्र तुटलं की मी टीव्ही बंद करायची.”

“मग सांगितलं का नाहीस? दुसरी करून आणली असती.”

“म्हणूनच नाही सांगितलं. त्रेपन्न साली आम्ही हा पाहायला गेलो ना, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. शेवटी शेवटी हे उठून बाहेर गेले. सिनेमा संपल्यावर मी बाहेर आले तर फूटपाथवर पाठमोरे उभे. यांची आई गेली तेव्हा हे दहा वर्षांचे होते, कोकणात.” मग मुलाकडे वळून तिने विचारले, “आता संगणकावर ठेवलंस ते एवढंच राहील ना रे? की तो शेवट कुठून आणून जोडशील?”

मुलगा म्हणाला, “जोडता येईल, आजी. शोधला तर मिळेल.”

“नको,” आई म्हणाली. “पुढची लाव.”